हसू नये म्हणून

गणपती पेठेतल्या आप्पासो टेलरच्या दुकानात उभ्या उभ्या नाथाजी हसला. पोट हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, आणि हसू ओसरताच खोकल्याची वाट बघत थांबला. त्यानं दोन सफारी आवळून घ्यायला आणले होते. गेल्या साली दम्याच्या पांढऱ्या गोळ्यांनी त्याचं तोंड भाकरीसारखं फुगलं होतं, पोट सुटलं होतं, तेव्हाचे ते कपडे आता अंगावर वाळत घातल्यासारखे लोंबत होते. आप्पासोनं गळ्यातली टेप काढून त्याच्या छातीभोवती गुंडाळली, आकडा बघितला, परत बघितला आणि म्हणाला, "नाथाजीराव, ह्यो सफारी शिवून दिला तवा मला वाटलं, तुमी आन् वैनी मिळून घालनार. आता येकटंच घालताय म्हनल्यावर जरा ढिला हुनारच की." बस्स, एवढंच. नाथाजीच्या शरीराला मात्र जुनी सवय होती. हसू फुटताक्षणी त्याचा डावा हात टेबलाच्या कडेला गेला, खांदे वर चढले, ओठांचा चंबू झाला. आता आतून शीळ वाजेल, मग खोकला, मग खोकल्यावर खोकला, मग हवा आत येऊन अडकेल आणि बाहेर पडायचं नाव घेणार नाही. तो थांबला. शीळ वाजली नाही. हवा आली, गेली. परत आली, परत गेली. शिलाई मशीनच्या तेलाचा वास तिच्याबरोबर आत आला, आणि हा वास आपल्याला येतोय याचंही त्याला नवल वाटलं.

तेवढ्यात समोरच्या दुकानात पापडाचं पीठ घेणारी विजयमाला पिशवी तिथंच टाकून रस्ता ओलांडून आली. तिच्या हातात दम्याचा पंप होता, टोपण काढलेला. तिनं आधी नवऱ्याच्या ओठांकडं बघितलं. ती नेहमी आधी ओठच बघायची. ओठांचा रंग ठीक आहे हे दिसल्यावर ती आप्पासोकडं वळली.

"आप्पासो, तुमाला सांगितलं हुतं का न्हाई? ह्यास्नी हसवायचं न्हाई म्हनून?"

"चुकलं, वैनी. बरं दिसाय लागल्यात म्हनून इसारलो बगा."

"बरं दिसत्यात म्हनून मारायचं का मानसाला?"

आप्पासो पोरवयात मास्तरांनी पकडावं तसा खाली मान घालून टेपची घडी घालत बसला. नाथाजीनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा बायकोकडं. पंपाची गरज नव्हती, तरी तिनं तो त्याच्या मुठीत कोंबला. खोकला आला नाही तो नाहीच. पण त्या दोघांच्या बोलण्यातला एक शब्द त्याच्या छातीत जाऊन बसला. सांगितलं होतं. म्हणजे हे ठरलेलं होतं.

रिक्षा विश्रामबागेकडं निघाली तेव्हा विजयमाला पिठाची पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बघत होती आणि नाथाजी तो शब्द उलटसुलट करून बघत होता. आप्पासोला सांगितलं, तसं आणखी कुणाकुणाला सांगितलं असेल? बागेजवळच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणारी माणसं त्याच्या डोळ्यांसमोर आली. तो लांबून दिसला की तिथला गलका खाली यायचा. कुणी तरी सरकून जागा द्यायचं, कुणी उसाच्या दराचं काढायचं, कुणी म्हणायचं, काय म्हणती तब्येत. हजामत करणारा पूर्वी गिऱ्हाइकांच्या नकला करत वस्तरा चालवायचा, तोही याच्या गालाला साबण लावला की मुका व्हायचा. पाहुणे यायचे ते बसायचे असे, जणू आतल्या खोलीत कुणी तरी गेलेलं आहे. घरी टीव्हीवर विनोदी नाटक लागलं की लेक संयोगिता उठून बातम्या लावायची. कॉलेजातल्या पोरीला बातम्यांचं एवढं वेड कसं, असा विचार त्यानं केला होता आणि सोडून दिला होता. या सगळ्याचा अर्थ त्यानं आपल्यापुरता कधीच लावून टाकला होता. माणसाच्या तोंडावर मरण दिसायला लागलं की लोक त्याच्यासमोर हसत नाहीत. त्याचं त्याला वाईटही वाटलं नव्हतं. दम लागलेल्या माणसाला वाईट वाटून घ्यायलाही श्वास लागतो, आणि तेवढा त्याच्याकडं शिल्लक नसायचा.

पण विजयमालाबद्दल वाईट वाटलं होतं. तिचं हसणं गेलं, ते वयानं गेलं, आजारपण काढून काढून ती आंबली, असं त्यानं धरून चाललं होतं. लग्न होऊन ती विट्याजवळच्या गावातून थेट कोइमतूरला आली तेव्हा विसाचीसुद्धा नव्हती. पुढं गलाईचं, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान, मागं एक खोली, तोच संसार. सोनारांच्या गल्लीत त्यांच्याच भागातली आणखी गलाईवाली घरं होती, पण तिला आधी कुणाची भाषा कळेना, ना तिची कुणाला. मग ती माणसं बघायची. कोपऱ्यावरचा म्हातारा सोनार दागिना देताना कसा डोळे मिटून घ्यायचा, दूधवाला हिशेब सांगताना कशी मान हलवायचा, हंबीरराव, म्हणजे नाथाजीचा धाकटा भाऊ, तमिळ बोलताना मराठी शिव्या मध्ये कशा पेरायचा. दुपारी भट्टी थंडावली की मागच्या खोलीत पदर खोचून ती एकेकाला उभं करायची. भाषा यायची नाही, तरी नुसत्या आवाजानं ती असं काही तमिळ बोलायची की खुद्द तो म्हातारा सोनार एकदा दारात उभा राहून ऐकत होता आणि शेवटी त्यानं विचारलं होतं, ही कुठल्या गावचं बोलतेय? नाथाजी मुशीची राख हाताला तशीच ठेवून हसायचा. त्या खोलीत भिंतीला धूर चढलेला असायचा. सोन्यात चांदी मिसळून पातळ करायचं, मग तेजाबात सोडायचं. तेजाब चांदी खाऊ लागलं की त्यातून तांबूस पिवळा धूर उठायचा, खिडकीतून जायचा तेवढा जायचा, राहायचा तेवढा माणसांत राहायचा. तेव्हा कुणी त्याचा विचार केला नाही. विचार व्हायचा तो सोन्याचा. दुकानातली कुठलीच गोष्ट टाकायची नसते, हा त्या धंद्याचा पहिला धडा. केर झाडला की पिंपात. बसायची तरटं जुनी झाली की जाळून त्यांची राख पिंपात. हात धुतले तरी त्याचं धुवण मोरीत सोडायचं नाही, मडक्यात धरायचं. वर्षातून एकदा तो सगळा गाळ धुऊन, आटवून, त्यातून कण काढायचे, त्यांचा टंच, म्हणजे कस, बघायचा. गावाकडून कुणी नवा माणूस आला की नाथाजी त्याला धंदा शिकवायच्या आधी हे शिकवायचा. पाणी वतायच्या आधी इचार, मग वत.

दमा कधी सुरू झाला ते नेमकं सांगता येत नाही. पहिल्यांदा तो सर्दी म्हणून आला, मग थंडी म्हणून, मग सवय म्हणून. चाळिशी उलटली तेव्हा दोन वाक्यांमध्ये थांबायला लागायचं. मग साताऱ्याचं ते लग्न. विजयमालाच्या मामेबहिणीच्या मुलीचं. पंगत बसली होती आणि मुलीचे चुलते, लष्करातून सुभेदार होऊन आलेले, पाहुण्यांना शिस्तीत बसवत होते. त्यांची पाठ वळते न वळते तोच विजयमाला ताटावरून उठली, पदराचा पट्टा करून खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "सब पाव्हना लोग लाइन में बैठेगा. जिलेबी मिलेगा तब्बी उठेगा. मठ्ठा मांगनेवाला हात उपर करेगा." सगळी पंगत फुटली. नाथाजी हसता हसता वाकला तो वाकलाच. त्याला पुढचं आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी. मांडवाच्या कापडाचा लाल रंग. फटाक्यांचा वास. जीपचा पत्रा गालाला. मग नाकावर रबरी मुखवटा आणि वरून खाली बघणारं विजयमालाचं तोंड, ज्यावर कुठलाच भाव नव्हता. मागून कुणी विचारलं की तो सांगायचा, साताऱ्याला लग्नात फटाक्याच्या धुरानं अटॅक आला. सगळ्यांना ते पटायचं. त्यालाही पटलं होतं.

त्यानंतर त्यानं दुकान हंबीररावाच्या हवाली केलं आणि सांगलीला फ्लॅट घेतला. भट्टी सुटली तरी दमा सुटला नाही. पंप झाले, सुया झाल्या, पांढऱ्या गोळ्या वाढत गेल्या. विट्याचा, कुपवाडचा, कुणी सांगेल तो डॉक्टर झाला, एक जिवंत मासा गिळणंही झालं. जिना चढायचा तर मध्ये भिंतीला टेकून उभं राहावं लागायचं, आणि वरून खाली येणारी माणसं त्याला वाट देण्यासाठी अंग चोरून घ्यायची. विजयमाला न बोलता पाठीमागं उभी असायची. शहाण्णव सालच्या दिवाळीच्या आधी मात्र डाव्या बाजूला हवा जायचीच बंद झाली. पाण्याखाली दगड असावा तसं तिथं काही तरी जड होऊन बसलं. तेव्हा त्याला मिरजेला नेलं, आणि तिथं डॉक्टर धम्मपाल बनसोडे भेटले.

हा माणूस मूळचा कोरेगाव तालुक्यातला. वय चाळिशीच्या आतलं, आवाज हळू, आणि बोलताना समोरच्याच्या श्वासाला धरून थांबायची सवय. नाथाजीला दम लागला की तेही आपलं वाक्य अर्ध्यावर ठेवत, त्याचा श्वास झाला की पुढं बोलत. एवढ्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. त्यांनी फोटो उजेडाला धरला. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग चुन्यासारखा पांढरा दिसत होता. "दादा, इथं हवाच नाही," ते म्हणाले. "नळ्यांमध्ये कफाची बुचं बसलीत. साधा कफ नाही, रबरासारखा. तुम्ही पंप मारताय, पण औषध बुचाच्या पलीकडं जाणार कसं? मी दुर्बीण घालतो. बोटापेक्षा बारीक नळी असते, नाकातून जाते. आत मिठाचं पाणी सोडायचं, बूच भिजवायचं, आणि ओढून घ्यायचं. पुन्हा सोडायचं, पुन्हा ओढायचं."

"म्हंजी धुवायचं," नाथाजी म्हणाला.

"धुवायचं," डॉक्टर म्हणाले. "एक मात्र आधीच सांगतो. दम्याच्या माणसाच्या नळ्या चिडक्या असतात. आत नळी गेली की दमा उसळू शकतो. सगळी तयारी ठेवूनच करणार, पण धोका नाही असं म्हणणार नाही."

धोका नाही असं म्हणणारे पुष्कळ भेटले होते. नाथाजीनं विजयमालाकडं बघितलं. ती म्हणाली, "तुमी तिथंच असनार न्हवं?" डॉक्टर म्हणाले, "नळी माझ्याच हातात असणार, ताई." "मग करा," ती म्हणाली.

घशात कडू फवारा मारला तेव्हा जीभ, पडजीभ, सगळं लाकडाचं झालं, गिळलेली थुंकी कुठं गेली ते कळेना. मग हातात सुई. "आता गुंगी येईल. मधलं काही लक्षात राहणार नाही," डॉक्टर मास्कच्या आडून म्हणाले. दिव्याचं गोल तोंड जवळ आलं, आणि त्यापुढं कोरं. झोपेला निदान आत आणि बाहेर असतं. या कोरेपणाला तेही नव्हतं. एक कापलेली फीत, एवढंच. जागा झाला तेव्हा तो वॉर्डात होता आणि डाव्या बरगडीखाली काही तरी थंड हलत होतं. ती हवा आहे हे कळायला त्याला वेळ लागला. त्यानं कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगितलं तर ती थांबेल अशी त्याला भीती वाटली. डोळे मिटून तो नुसता ती येताना आणि जाताना ऐकत राहिला, आणि आपले डोळे का वाहतायत हे न विचारता विजयमालानं पदरानं ते पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर काचेची बाटली घेऊन आले. नितळ पाण्यात पांढरट, फांद्या फुटलेलं काही तरी तरंगत होतं, वाळलेल्या झुडपाच्या डहाळीसारखं. नळ्यांच्या आकाराचा कफ तसाच्या तसा बाहेर आला होता. डॉक्टरांनी ती बाटली त्याच्या दोन्ही हातांत ठेवली आणि जरा जास्तच गंभीरपणे म्हणाले, "बघून घ्या. सगळं आहे." नाथाजी बघत राहिला. हे माझ्या आत होतं. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरनं तोंड खिडकीकडं फिरवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय, असं त्याला वाटलं.

तिथून त्याच्या मनात संशय सुरू झाला. त्याच दिवशी त्याच्या कानावर आलं होतं की धुवण तपासायला पुढं पाठवलंय. रिपोर्ट आला, सगळं ठीक आहे असं त्याला सांगण्यात आलं. पण तपासणीला गेला की सिस्टर त्याला बघून लगबगीनं दुसऱ्या खोलीत जायची. आणि मागच्या खेपेला तर तो शर्टाची बटणं लावत असताना पडद्यापलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, "ताई, अजून सांगितलं नाही त्यांना?" विजयमाला म्हणाली, "सांगीन की. घाई काय हाय?" त्या दिवसापासून नाथाजीला ठाऊक होतं की धुवणात काय सापडलं. तो शब्द त्यानं मनातसुद्धा उच्चारला नाही. घरी स्वयंपाकघरातून कधी कधी हसण्याचा आवाज यायचा, विजयमाला, संयोगिता, शेजारची कुणी. तो दाराशी गेला की आवाज एकदम बंद व्हायचा आणि तिघी भाजी निवडत असायच्या. मरायला टेकलेल्या माणसाच्या घरात हसतात कसे? आणि हसतात तर थांबतात का? उत्तर न शोधता तो परत खुर्चीत येऊन बसायचा, आणि बसल्या बसल्या श्वास घ्यायचा. विलक्षण गोष्ट ही की त्याला राग यायचा नाही. किती दिवस असतील ते असोत, पण हे दिवस त्या बारीक नळीनं दिलेले होते, त्या हळू बोलणाऱ्या माणसानं दिलेले होते. तो सकाळी उठून वीज बोर्डाच्या ऑफिसपर्यंत चालत जायचा, परत यायचा, दारात उभ्या उभ्या चपला काढायचा, भिंतीला हात न लावता. "दमा गेला असं समजू नका," डॉक्टरांनी बजावलं होतं, "वाट मोकळी झालीय. पंप रोज, आणि भट्टीकडं परत नाही." रोज पंप मारताना त्याला त्यांचा हात आठवायचा. त्याच्या गावात जन्मलेल्या माणसाला आभार मानता येत नाहीत, तसा शब्दच तोंडात बसत नाही. एकदा त्यानं त्यांच्यासाठी शेतातल्या उसाचा गूळ नेला होता, आणि तो टेबलावर ठेवून काही न बोलता निघून आला होता.

रिक्षा थांबली. जिना चढून वर आल्यावर विजयमालानं दार वाजवायच्या आधी परत एकदा त्याच्या ओठांकडं बघितलं, तेव्हा नाथाजीच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींना पहिल्यांदाच शिवल्या. आप्पासोला सांगितलेलं, आणि आपल्याला न सांगितलेलं. तो आत येऊन खुर्चीत बसला. संयोगिता कॉलेजातून येऊन चहा टाकत होती.

"हिकडं ये," तो बायकोला म्हणाला. "डॉक्टर सांगा म्हनत हुते ते काय हाय?"

विजयमाला पीठ डब्यात ओतत होती. तिचा हात थांबला. "कवा म्हनत हुते?"

"पडद्याआड. मी भैरा न्हाई. धुवणात काय निघालं ते सांग. मला किती दिस हाईत?"

स्वयंपाकघराच्या दारात संयोगिता कपबशा घेऊन उभी होती. तिनं कपबशा खाली ठेवल्या, दोन्ही हात तोंडावर घेतले, आणि तरीही तिच्या बोटांमधून हसू फुटलं.

"संयू!" विजयमाला ओरडली. मग नवऱ्याकडं वळून, घाबरून म्हणाली, "आवं, काय भलतंच बोलताय? तसलं कायबी न्हाई. रिपोट चांगला आलाय, तुमच्या हातात दिला हुता की."

"मग काय लपवताय?"

"सांगितलं तर तुमी हसशीला."

नाथाजीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "मग हसू दे की."

"साताऱ्याला हसलासा," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला होता. "माज्यापायी. म्या नसता चाळा केला तर तुमचं असं..."

"आगं, तितं फटाकं वाजलं हुतं."

"फटाकं मागनं वाजलं. नवरदेव आला तवा. तुमी त्याच्या आधीच निळं पडला हुतासा."

नाथाजीनं ते तुकडे परत मांडून बघितले. लाल कापड. वाकलेला तो. जीप. जीपमध्ये घालताना मागं, लांब, वाजणारे फटाके. खरंच की. तिच्याकडं सगळं क्रमानं होतं, आणि इतकी वर्षं ती ते एकटीच घेऊन बसली होती. आपण हसवलं म्हणून हा माणूस मरत होता, असं धरून तिनं आधी स्वतःचं तोंड बंद केलं, मग घराचं, मग कट्ट्याचं, मग हजामाचं आणि टेलरचं. पेठेतनं जाता येता प्रत्येकाच्या दारात उभं राहून सांगितलं असेल, आमच्या ह्यांना हसवू नका. कुणी तिला वेडी म्हटलं असेल. आणि तो म्हणत होता, बायको आंबली. त्याला तिचा हात धरावासा वाटला, पण लेक समोर होती. तो नुसता तिच्या पिठानं भरलेल्या बोटांकडं बघत राहिला. डॉक्टरांच्या टेबलावर निदान गूळ ठेवता आला होता. इथं काय ठेवणार?

"आज मी आप्पासोकडं हसलो," तो म्हणाला. "काय झालं मला?"

तिनं डब्याचं झाकण लावलं.

"डॉक्टरांनी दही नगं म्हनलं, भट्टी नगं म्हनलं. हसू नगं म्हनले व्हय?"

"आई, ते तर म्हणाले होते सांगा म्हणून," संयोगिता म्हणाली. "पंप जवळ ठेवा आणि सांगा. तूच घाबरतेस."

"ह्यो बग पंप," नाथाजी म्हणाला आणि मुठीतला पंप मांडीवर ठेवला. "सांग."

"सांगाय येत न्हाई त्ये," विजयमाला म्हणाली. "नळी निघाली तवा मी दारातच हुते. करूनच दावाय लागतंय." आणि बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. तिनं संयोगिताकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, पिठाचे हात पदराला पुसले. मग ती समोरच्या स्टुलावर बसली आणि बसता बसता तिचं अंग बदललं. मान लुळी पडली, पापण्या अर्ध्यावर आल्या, खालचा ओठ सुटला. नाथाजीनं आरशात कधी बघितलं नव्हतं असं आपलंच तोंड त्याला दिसलं. पदराचं टोक तिनं नाकाशी धरलं, झटक्यात बाजूला केलं, म्हणजे नळी निघाली. मग ते गुंगीतलं तोंड हळूच एका बाजूला वळलं. तिथं कुणी तरी भांडं घेऊन मोरीकडं चाललं असावं. लुळा हात एकदम वर आला आणि त्यानं हवेतलं मनगट गच्च धरलं.

"ये! वतू नगंस!" सुन्न घशातला तो आवाज, त्याचाच. "कुनाला इचारलंस? धुवण हाय त्ये! आटवायचं हाय अजून!"

"आवं, ह्यात काय सोनं न्हाई," तिनं बाजूला तोंड करून वॉर्डबॉयचं बारीक किरटं उत्तर दिलं.

"तू कोन ठरीवनार? टंच काढलास का? मालक कुटं हाय तुजा? बोलव त्येला!" आणि मग बोट वर, डोळे मिटलेले, "आजपातूर माज्या दुकानातनं येक थेंब भाईर गेला न्हाई. माजा माल माज्या हातात द्या. समदा द्या. बगून घेनार हाय मी सकाळी."

नाथाजी फुटला. आधी नाकातून, मग पोटातून. त्याला ती बाटली दिसली, ती गंभीरपणे दोन्ही हातांत देणारा माणूस दिसला, खिडकीकडं तोंड फिरवलेल्या सिस्टरचे खांदे दिसले, आणि प्रत्येक गोष्ट दिसताच हसू आणखी खालून, डाव्या बरगडीच्याही खालून, जिथं वर्षभरापूर्वी दगड होता तिथून वर यायला लागलं. संयोगिता जमिनीवर बसली होती. तो वाकला. आणि वाकल्यावर खोकला आला.

विजयमालाचं तोंड जागच्या जागी परत तिचं झालं. ती उठली, तिनं पंपाचं टोपण काढलं, आणि त्याच्यासमोर वाकून उभी राहिली. तो खोकला. परत खोकला. पाणी डोळ्यांतून गालावर आलं. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यानं तिच्या हातातला पंप बाजूला सारला आणि नुसता हात हलवून तिला खुणावलं, पुढं, पुढं. खोकला अजून चालू होता, पण त्याच्या मागोमाग हसूच येत होतं, आणि दोन्हींच्या मधून हवा आत जात होती, बाहेर येत होती.

तिनं त्याच्या ओठांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"संयू, सर गं मागं, मला जागा दे," ती म्हणाली, आणि नाकावर पदराचा मास्क बांधून डॉक्टर व्हायला उभी राहिली.